वेटोळ्याचे माप

१९४२ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईच्या आकाशात एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. 'चले जाव'चा ठराव होऊन पुढारी कारागृहात गेले होते, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले होते. आणि अशा वेळी काँग्रेस रेडिओ नावाचे एक गुप्त केंद्र आपण ४२.३४ मीटरवरून बोलत आहो, असे निर्भयपणे जाहीर करीत होते. आपला ठावठिकाणा तेवढा ते सांगत नसे. बावीस वर्षांच्या उषा मेहता, त्यांचे सहकारी विठ्ठलभाई झवेरी, प्रक्षेपक उभा करणारे तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर आदी मंडळींच्या धाडसाची कथा आपण ऐकलेली असेल. मला आज बोलावयाचे आहे ते त्या आकड्याविषयी. ४२.३४ मीटर हा आकडा घरगुती साधनांनी प्रत्यक्षात उतरवावयाचा म्हणजे काय करावयाचे?

एवढ्या तरंगलांबीसाठी विद्युत्प्रवाहाने सेकंदाला सुमारे सत्तर लाख ऐंशी हजार वेळा हेलकावे घ्यावयास हवेत. प्रक्षेपक कोणताही असो, त्यात हे काम तारेचे एक वेटोळे आणि एक कंडेन्सर यांच्या जोडीकडे असते. कंडेन्सर १०० पिकोफॅरडचा घेतला, तर वेटोळे पाच मायक्रोहेन्रीचे लागते. एक इंच व्यासाच्या नळीवर एक इंच लांबीत तारेचे सतरा वेढे घेतले की ते तयार होते. अमेरिकन अभियंता व्हीलर याने १९२८ साली दिलेल्या सूत्राने हा हिशेब दोन मिनिटांत मांडता येतो. मात्र त्याच लांबीत सतराऐवजी अठरा वेढे पडले, तर ४२.३४ चे जवळजवळ ४५ मीटर होतात, आणि ठरल्या जागी काटा लावून बसलेल्या श्रोत्याला नुसती खरखर ऐकू येते.

म्हणून वेटोळे मोजावयास हवे. आणि येथेच खरी अडचण आहे. साधा मीटर लावला तर तो तारेचा रोध सांगतो, प्रवर्तकता सांगत नाही. घरातील ५० आवर्तनांच्या विजेवर मोजू म्हटले, तर पाच मायक्रोहेन्रीचा अडथळा एका ओहमच्या हजारांश भागाच्या दीडपट भरतो. तारेचा स्वतःचा रोध त्याच्या कित्येक पटींनी अधिक! वाऱ्यात फूल तोलावे, तसा तो प्रकार. मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात वेटोळी मोजण्याची सेतुमंडलाची रीत दिली. कानाला श्रवणी लावून, आवाज नाहीसा होईपर्यंत रोध कमीअधिक करावयाचे, अशी ही रीत पुढे प्रयोगशाळांतून रुळली. परंतु ती मोठ्या वेटोळ्यांना मानवते. रेडिओतील चिमुकल्या वेटोळ्यापुढे ती हात टेकते.

उपाय सापडला तो निराळ्या दिशेने. सतारीची एक तार छेडली की तिच्या सुराला जुळवलेली तरफेची तार न छेडता वाजते, हे आपल्याकडे मिरजेच्या वाद्यकारांना कोणी शिकवावयास नको होते. सर ऑलिव्हर लॉज यांनी १८८९ च्या सुमारास हेच विजेच्या बाबतीत दाखविले. धातूचा मुलामा दिलेल्या दोन काचेच्या बरण्यांना तारेची मंडले जोडून त्यांनी एकीत ठिणगी पाडली. दुसरीचे मंडल नेमके जुळले तेव्हाच तिच्यातही ठिणगी उमटली. ही अनुस्पंदनाची कंप्रता वेटोळे आणि कंडेन्सर या दोहोंवर अवलंबून असते. ते गणित विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५३ मध्येच मांडून ठेवले होते. तेव्हा कंडेन्सर माहीत असेल आणि कंप्रता कळली, तर वेटोळ्याला आपले माप लपविता येत नाही. २५,३३० या संख्येला मेगासायकलमधील कंप्रतेच्या वर्गाने आणि पिकोफॅरडमधील मूल्याने भागावे, की मायक्रोहेन्री मिळतात. रेडिओच्या हौशी मंडळींना हा आकडा पाढ्यासारखा पाठ असे.

अमेरिकेत १९३४ च्या सुमारास या तत्त्वावर क्यू-मीटर नावाचे सुबक यंत्र निघाले, पण ते संस्थांच्या ऐपतीचे. घरी करावयाचे यंत्र म्हणजे ग्रिड-डिप मीटर: एका व्हॉल्व्हचा आंदोलक, त्याच्या ग्रिडमधील प्रवाह दाखविणारा काटा आणि फिरता कंडेन्सर. मोजावयाच्या वेटोळ्याला ज्ञात मूल्याचा अभ्रकाचा कंडेन्सर जोडून (अभ्रक तर आपल्याच देशातले!) ते आंदोलकाजवळ धरावयाचे आणि तबकडी हळूहळू फिरवावयाची. सूर जुळताच परके वेटोळे थोडी शक्ती ओढून घेते आणि काटा झटकन खाली झुकतो. तबकडीवर कंप्रतेच्या खुणा कशा करावयाच्या? जवळ रेडिओ ठेवून, ज्ञात केंद्रांच्या आवाजाशी आंदोलकाची शीळ जुळवून. देशोदेशीची नभोवाणी केंद्रे हीच गरिबाची प्रमाणित मापे होती.

युद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवानेधारकांना प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम दिले. यंत्र जप्त करता येते. परंतु तारेचे रीळ, पुठ्ठ्याची नळी आणि चार कंडेन्सर तर दुरुस्तीला आलेल्या साध्या रेडिओतही असतात. त्यांवर बंदी कशी घालणार? काँग्रेस रेडिओ जागा बदलत बदलत सुमारे तीन महिने टिकला, तो कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर तर खराच, पण असे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर घराघरांत पोहोचले होते म्हणूनही, असे माझे मत आहे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या १९४६ मध्ये सुटल्या.

युद्धानंतर लष्करी मोडीचे व्हॉल्व्ह व मीटर बाजारात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग निवडीत हिंडणे हा अनेक मराठी तरुणांचा रविवारचा उद्योग होऊन बसला. आज व्हॉल्व्हच्या जागी नखाएवढी चकती आली आहे. ती स्वतःच हेलकावे मोजते, भागाकार करते आणि मायक्रोहेन्रीचा आकडा लिहून दाखविते. आतले गणित मात्र थॉमसनचेच.

आणि जुन्या खोड्याही त्याच. वेढ्यावेढ्यांत आणि जोडणीत न बोलाविता येणारी पाचदहा पिकोफॅरडची भर हिशेब बिघडविते. त्यावर जुनी युक्ती अशी, की दोन निरनिराळे कंडेन्सर लावून दोनदा मोजावे. प्रत्येक वेळी कंप्रतेच्या वर्गाने एकाला भागावे, त्या दोन उत्तरांची वजाबाकी २५,३३० ने गुणावी आणि कंडेन्सरांमधील फरकाने भागावी. आगंतुक भर दोन्हीकडे सारखीच असल्याने आपोआप गळते. जोडतारांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. सरळ तारेचा एक सेंटिमीटरही मायक्रोहेन्रीच्या शंभराव्या हिश्शाएवढी भर घालतो. पाच मायक्रोहेन्रीला त्याचे काही वाटत नाही. पण मोजावयाचे वेटोळे दशांश मायक्रोहेन्रीचे असेल, तर दोन बाजूंच्या पाच सेंटिमीटर तारा त्याच्या निम्म्याने भरतात. तेव्हा कात्री आधी, मीटर नंतर.