अक्षरागणिक दाम

बटणांचा मोबाइल वापरलेल्यांच्या अंगठ्याला हा हिशेब अजून आठवत असेल. इंग्रजीतला 'यू', म्हणजे तू किंवा तुम्ही, पूर्ण स्पेलिंगनिशी लिहायचा तर वायसाठी 9चे बटण तीनदा, ओसाठी 6चे तीनदा आणि यूसाठी 8चे दोनदा दाबावे लागे. तीन अक्षरांच्या एका शब्दाला आठ दाब. त्याऐवजी शेवटचे यू हे एकच अक्षर ठेवले की दोन दाबांत काम होई, आणि वाचणाऱ्याच्या कानात उमटणारा आवाज तोच राही. 'ग्रेट'मधल्या शेवटच्या तीन अक्षरांच्या जागी 8चा आकडा बसला तो याच रीतीने. 'सी यू'चे सी आणि यू झाले, 'प्लीज'मधले स्वर गळून पी-एल-एस उरले.

पुढे हे यू मोबाइलमधून बाहेर पडले. ते उत्तरपत्रिकांत आले, नोकरीच्या अर्जांत आले. शिक्षक संतापले, वर्तमानपत्रांत इंग्रजीच्या अधोगतीवर लेख आले, आणि मुलांच्या आळसाला बोल लावण्यात आला. अर्जातले यू मलाही खटकते. पण आळसाचा आरोप मला कधीच पटला नाही. या तोडक्या शब्दांमागे बहुतेक वेळा कुठेतरी मोजमाप चालू असते, कुणीतरी अक्षरांचे पैसे लावत असते. त्यांचे कूळ तिथे शोधायला हवे.

त्यातले सर्वांत जवळचे मोजमाप जर्मनीत बॉन शहरात झाले. साल 1985. युरोपातल्या नव्या मोबाइल यंत्रणेचे नियम ठरत होते आणि फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते त्या कामात होते. मोबाइल आणि मनोरा यांच्यात संभाषणाखेरीज यंत्रणेच्या आपसातल्या खुणा नेणारी एक अरुंद वाट असते. ती बराच वेळ रिकामी असते, तर तिच्यावरून छोटे मजकूर धाडावेत, अशी कल्पना होती. प्रश्न एवढाच, की छोटे म्हणजे किती? हिलेब्रांट घरी टंकलेखन यंत्रावर बसले आणि मनाला येतील ती वाक्ये, येतील ते प्रश्न टंकत गेले. मग त्यांनी प्रत्येकातली अक्षरे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा मोजल्या. जवळजवळ प्रत्येक मजकूर एक-दोन ओळींचा निघाला आणि 160च्या आत बसला. लोक पोस्टकार्डावर आणि टेलेक्सवर किती लिहितात हेही पाहिले गेले. त्या वाटेवरून एका खेपेत 140 बाइट जाऊ शकत होते. दर अक्षराला आठऐवजी सातच बिट दिले की बरोबर 160 अक्षरे मावत. आकडा ठरला.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. 160 ही मर्यादा पूर्ण, शुद्ध, नीट लिहिलेली वाक्ये मोजून काढलेली होती. माणसाला म्हणायचे असते ते एवढ्यात तोडमोड न करता म्हणता येते, असाच त्या मोजणीचा निष्कर्ष होता. पहिला लघुसंदेश त्याला साक्ष आहे. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. दोन शब्द, मधल्या जागेसह 15 घरे, एकही अक्षर गाळलेले नाही. पॅपवर्थ संगणकाच्या पूर्ण कळफलकावर लिहीत होता आणि त्या संदेशाचे पैसे कुणी मोजत नव्हते. काटकसर आली ती नंतर, बारा बटणांचा फोन आणि दर संदेशाला दर लागल्यावर.

याच्या आधीची पिढी तारेची. तार शब्दांवर आकारली जाई, म्हणून तारेत शब्द गाळले जात. जे उरत त्यांचे स्पेलिंग मात्र धडधाकट असे, कारण लांब शब्दालाही एकाच शब्दाचे पैसे पडत. लघुसंदेशात अक्षरे मोजली गेली आणि कुऱ्हाड शब्दाच्या आत चालली. दर कशावर लावला आहे, त्याप्रमाणे भाषा कुठे तुटायची ते ठरत गेले.

तारायंत्रावर बसणाऱ्यांची काटकसर निराळी होती. त्यांना वेळ वाचवायचा असे. 1879मध्ये वॉल्टर फिलिप्स या अमेरिकी तारवाल्याने बातम्या झपाट्याने धाडण्यासाठी संक्षेपांचा कोश छापला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी आजही वापरला जाणारा 'स्कॉटस' हा शब्द त्याच कोशातला. तारवाले एकमेकांचा निरोप घेताना नुसता 73 हा आकडा वाजवत, म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार. हौशी रेडिओवाले आजही 73 म्हणूनच निरोप घेतात. आपल्याकडच्या शुभेच्छा तारेतही हीच युक्ती होती. तार ऑफिसात ठरीव वाक्यांची यादी असे. 1 क्रमांक दिवाळीच्या शुभेच्छांचा, 8 क्रमांक नवविवाहितांसाठी. आपण आकडा सांगायचा, तारेतून आकडाच जायचा, आणि पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य कागदावर उतरवून घरी पोचवायचा. या व्यवहारात वाचणाऱ्याच्या हाती तोडके काही पडत नसे. जुलै 2013मध्ये ही सेवा बंद झाली.

दामाच्या या हिशेबात न बसणारी दोन उदाहरणे आहेत, तीही सांगायला हवीत. 'ओके' 23 मार्च 1839च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये छापून आले. 'सगळे बरोबर' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरे घ्यायची, असा तो तेव्हाच्या पत्रकारांचा खेळ होता. ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने 1960च्या दशकात जुनी वर्तमानपत्रे चाळून हे मूळ शोधले. आणि 'ओएमजी' हे संक्षिप्त रूप 9 सप्टेंबर 1917च्या एका पत्रात सापडते. पत्र लिहिणारे होते ब्रिटिश आरमाराचे वृद्ध ॲडमिरल जॉन फिशर, आणि ते लिहिले होते विन्स्टन चर्चिल यांना. तेव्हा फिशर 76 वर्षांचे होते. त्यांच्यापुढे कोरा कागद होता, अक्षरे कुणी मोजत नव्हते. म्हणजे भाषेशी खेळण्याच्या लहरीतूनही माणूस शब्द तोडतो. फिशरनी मात्र त्या तीन अक्षरांपुढे कंसात पूर्ण अर्थ लिहून दिला. वाचणाऱ्याला कोड्यात टाकायचे नाही, एवढी रीत त्या लहरीतही सांभाळली गेली.

मराठीला हे काही नवे नाही. 'सा. न. वि. वि.' ही चार अक्षरे आपण पत्राच्या माथ्यावर पिढ्यानपिढ्या लिहीत आलो. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. रा. रा., ती., चि., चि. सौ. कां., ह. भ. प., मु. पो., ता. क., अशी आपली पत्रे संक्षेपांनी भरलेली असत. मोडी कागदांत तर शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दंड ओढला की काम भागे, 'प्रा।' दिसले की वाचणारा प्रांत म्हणून पुढे जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीने सोडून दिला होता, कारण बोरू न उचलता झरझर लिहायचे होते. पण पत्रातल्या त्या संक्षेपांनी मान कमी होत नसे. 'ती.' लिहिणाऱ्याला तीर्थरूप ठाऊक असे आणि वाचणारा ते तीर्थरूप असेच वाची. पूर्ण शब्द दोघांच्या मनात शाबूत होता.

मोबाइलवर मराठीचे जे झाले ते मात्र वेगळे, आणि त्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. 160 हा आकडा रोमन लिपीचा. देवनागरी अक्षर सात बिटांत मावत नाही, त्याला सोळा लागतात. मग त्याच 140 बाइटांत देवनागरीच्या वाट्याला 70च घरे येतात, आणि त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त प्रत्येकाचे घर वेगळे. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' डोळ्यांना दहा अक्षरे दिसतात, पण मोकळ्या जागांसह घरे लागतात 27. एवढाच मजकूर आणखी दोनदा लिहायला गेले, की 70 संपले. हेच रोमनमध्ये लिहिले तर साधारण 30 घरे लागतात, पण तिथे हाताशी 160 असतात. त्यात सणाच्या दिवशी स्वस्त संदेशांची सवलत बंद, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर. शिवाय कितीतरी हँडसेटवर देवनागरी उमटतच नसे, चौकोन दिसत.

मराठी माणूस रोमनकडे वळला तो असा. इंग्रजीच्या सोसातून वळलेलेही असतील, पण मोठा वाटा या 70 घरांचा होता. रोमनमध्ये गेल्यावर तिथलीच कातरणी मराठीवर चालली. 'करतोस'चे के-आर-टी-एस झाले, 'आहे'चे नुसते एच. इंग्रजी शब्दातले स्वर गाळले तरी सांगाडा ओळखू येतो, कारण त्याचे पूर्ण रूप पुस्तकांत, फलकांवर रोज डोळ्यांसमोर असते. रोमन मराठीला असे पूर्ण रूपच नव्हते. मला, माळा, मळा, माला या चारही शब्दांचे स्पेलिंग एकच. ळ आणि ण यांना स्वतःची खूणच उरली नाही. इंग्रजी मुलाने यू लिहिले तेव्हा त्याचा शब्द आखडला; मराठी मुलाच्या हातून लिपीच सुटली.

इंग्रजी मुलांचे नुकसान झाले का, हे तपासलेही गेले आहे. कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी 10 ते 12 वर्षांच्या मुलांचे संदेश पाहिले. ज्या मुलांच्या संदेशांत असे संक्षेप जास्त होते, त्यांचे वाचन कमी प्रतीचे आढळले नाही, उलट चांगले होते. डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाने 2008मध्ये या विषयावर अख्खे पुस्तक लिहून हेच म्हटले: नुसत्या यूमधून 'यू' ऐकू यायचा तर शब्द कोणत्या आवाजांचा बनतो याची जाण आधी लागते. मला हे पटते. तशी पाहणी रोमन मराठीची झाली तर काय निघेल, याची मला धास्ती वाटते.

आता दर राहिला नाही. घरे मोजावी लागत नाहीत, देवनागरी कळफलक प्रत्येक फोनमध्ये आहे, बोलले तरी अक्षरे उमटतात. तरीही कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी येते आणि खाली एकामागून एक 'भा. पू. श्र.' येऊ लागते. मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या बातमीखाली मी ती तीन अक्षरे कितीतरी वेळा वाचली. त्या रात्री बसून मी मोजले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' पूर्ण लिहायला देवनागरीत 20 घरे लागतात. पैसे पडत होते त्या दिवसांतही ती मावली असती, आणि वर मावशीचे नाव लिहायला 50 घरे उरली असती.