वाऱ्यापुढे लाकडी भिंत

वर्गातला बाक डुगडुगू लागला की आपण सांध्यात आणखी दोन खिळे ठोकतो. चार दिवस बरे जातात, मग बाक पुन्हा डुलतो. शेवटी सुतार येऊन मागे एक तिरपी पट्टी मारतो. अमेरिकेतल्या लाकडी घरांचा इतिहास काहीसा असाच आहे.

१८३० च्या दशकात शिकागो परिसरात जाड वाशांऐवजी बारीक उभे दांडे नुसत्या खिळ्यांनी जोडून घरे बांधण्याची पद्धत पसरली. लाकूड कमी, मजुरी कमी. पण जुन्या चौकटींतले भक्कम सांधेही गेले. वारा आदळतो समोरच्या भिंतीवर. तिच्यावरचे बल छपरामार्फत वाऱ्याला समांतर असलेल्या भिंतींत उतरते. कसोटी लागते ती या बाजूच्या भिंतींची! त्यांच्या आयताचा समांतरभुज चौकोन होऊ पाहतो.

उपाय सुतारांना ठाऊक होते. दांड्यांत खाचा पाडून कर्णासारखी पट्टी बसवायची, किंवा बाहेरच्या फळ्याच तिरप्या ठोकायच्या. मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेत जॉर्ज ट्रेअर यांनी मोठ्या भिंती उभारून, त्यांना वरून आडवे रेटून हे मोजले. अहवाल १९२९ साली निघाला. आडव्या फळ्यांपेक्षा तिरप्या फळ्यांची भिंत कित्येक पट ताठ ठरली. आडवी फळी प्रत्येक दांड्यावर जवळजवळच्या दोन खिळ्यांनी धरलेली असते. त्यांच्यातले तोकडे अंतर हीच तिची तरफ. तिरप्या फळीत मात्र बल फळीच्या लांबीने वाहते. गंमत म्हणजे आतल्या गिलाव्यानेही ताठपणा पुष्कळ वाढला. जी घरे 'मजबूत' म्हणून नावाजली गेली, त्यांतल्या काहींचे श्रेय गवंड्याचे असावे, असे आम्हांला वाटते.

तिरप्या फळ्यांत लाकूड वाया जाते, वेळही जातो. १९३४ च्या सुमारास पाण्यात न सुटणारा सरस आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लायवुडने त्यांची जागा घेतली. अखंड तक्ता वळायला बघतो तेव्हा कडेचे सगळे खिळे त्याला अडवतात, आणि ते मध्यापासून दूर असल्याने तरफ लांब मिळते.

अर्थात खिळा दांड्यातच बसला पाहिजे. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानंतर दक्षिण फ्लोरिडात उडालेल्या छपरांच्या तक्त्यांत असे खिळे सापडले, की जे कैचीला चुकवून शेजारच्या पोकळीत गेले होते.