खलाशी ते अधिकारी : आरमारी कौशल्याचा मान

शहाडजवळून वाहत जाणारी उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप धारण करते. आज या पाण्याकडे पाहून येथे कधी लढाऊ जहाजे बांधली जात असतील, अशी कल्पनाही कोणास येणार नाही. परंतु मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीच्या काठी झाला. 1657 च्या अखेरीस कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर लवकरच श्रीशिवछत्रपतींनी येथे जहाजबांधणीस हात घातला.

युरोपीय धर्तीची लढाऊ जहाजे बांधण्याची विद्या त्या वेळी पोर्तुगीज कारागिरांपाशी होती. म्हणून रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज व त्याचा मुलगा फेर्नांव यांना, त्यांच्या शेकडो माणसांसह, 1659 च्या सुमारास कामावर ठेवण्यात आले. ही जहाजे उद्या आपल्यावरच चालून येतील, हे पोर्तुगीजांच्या ध्यानी येताच वसईच्या अधिकाऱ्याने त्यांना निरोप धाडला आणि ही मंडळी काम अर्धवट टाकून गुपचूप निघून गेली. तरीही महाराजांचे आरमार उभे राहिले. भाडोत्री विद्या केव्हा पाठ फिरवील याचा नेम नसतो. विद्या आपल्या माणसांच्या हाती असावी आणि ती ज्याच्या हाती आहे त्यास मान व अधिकार असावा, हा बोध त्या प्रसंगातून घेण्याजोगा आहे.

हा अधिकार कोणाच्या वाट्यास आला, ते सांगताना आपल्या ज्ञातीस सार्थ अभिमान वाटतो. सभासद बखरीत आरमाराचे सुभेदार म्हणून दर्यासारंगाबरोबर मायनाक भंडारी यांचे नाव येते. 1679 साली मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा त्या कामावर मायनाक भंडारीच होते. इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आणून बेटाची कोंडी केली. परंतु भरती-ओहोटी, वारा आणि उथळ पाणी यांची खडान्‌खडा माहिती असलेल्या आपल्या दर्यावर्दींनी रात्रीच्या अंधारात छोट्या होड्या वल्हवीत थळच्या किनाऱ्यावरून रसद पोहोचविली. अखेर इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. पुढे कान्होजी आंग्रे यांनी सरखेलपदापर्यंत मजल मारली, तीही दर्यावरील कर्तबगारीच्या जोरावर.

मराठी आरमार लयास गेल्यानंतर मात्र ही वाट बंद झाली. कोकणचा किनारा खलाशी पुरवीतच राहिला. रत्नागिरी जिल्ह्यातील हिंदू व मुसलमान तरुण इंग्रजी अमदानीतील आरमारात पिढ्यान्‌पिढ्या भरती होत राहिले. परंतु अधिकारपदे गोऱ्यांकडे होती. डी. एन. मुखर्जी यांस 1928 साली इंजिनियर शाखेत अधिकारपद मिळाले; या आरमारात तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. 1934 साली या दलास ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा या दलात दोन हजारांच्या आत खलाशी होते. युद्धाच्या अखेरीस ही संख्या 30,000 च्या आसपास गेली. बिनतारी संदेश, वीज आणि यंत्रे यांचे शिक्षण देण्यासाठी शाळा निघाल्या : 1942 मध्ये जामनगर येथे ‘वलसुरा’, 1945 मध्ये लोणावळे येथे ‘शिवाजी’. सुशिक्षित तरुण विद्या शिकले; पण वागणूक मिळाली ती हलक्या नोकरासारखी. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत ‘तलवार’ या संदेशशाळेतील खलाशांनी जो उठाव आरंभिला, त्याच्या मुळाशी निकृष्ट अन्न, शिवीगाळ आणि वर्णभेद होता. त्यामागे हेही शल्य होते की हातात विद्या असूनही माणसास किंमत नाही. 23 फेब्रुवारीस उठाव मागे घेण्यात आला व शेकडो खलाशांना नोकरीस मुकावे लागले.

महायुद्धाच्या अनुभवानंतर इतर देशांनीही या प्रश्नाचा विचार केला. अमेरिकेत 1947 च्या कायद्याने, आपल्या विषयात तरबेज असलेल्या खलाशांना त्याच शाखेपुरते अधिकारी नेमण्याची सोय झाली. ब्रिटिश नौदलाने 1949 मध्ये जुना वॉरंट ऑफिसरचा दर्जा मोडून अशा माणसांना अधिकाऱ्यांत सामील करून घेतले आणि 1956 मध्ये त्यांच्यासाठी ‘स्पेशल ड्यूटीज’ नावाची स्वतंत्र यादी केली. स्वतंत्र भारताच्या नौदलातही हाच शब्द रूढ झाला.

या पद्धतीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. भर समुद्रात इंजिन बिघडले तर मदतीस बाहेरचा मिस्त्री येत नाही. आवाजावरून दोष ओळखणारा, कोणता भाग किती वेळ टिकेल हे जाणणारा माणूस जहाजावरच असावा लागतो. हे ज्ञान केवळ पुस्तकांतून येत नाही. त्यास वर्षानुवर्षांचा हात लागतो. असा खलाशी वरिष्ठांची शिफारस, परीक्षा व निवड मंडळ या पायऱ्या चढून सब-लेफ्टनंट होतो आणि तोफा, इंजिन, वीज अशा आपल्याच शाखेत अधिकार चालवितो. वयाने लहान आणि लायक ठरलेल्या खलाशास सर्वसाधारण अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी पाठविण्याचीही वाट आहे. स्पेशल ड्यूटीज अधिकाऱ्याच्या बढतीची शिडी इतरांपेक्षा आखूड असते, हेही सांगितले पाहिजे. तरीही एकेकाळी ज्या दारापाशी आपल्या वाडवडिलांस थांबावे लागले, ते दार आता परीक्षेने उघडते.

आजच्या तरुणांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2022 पासून खलाशांची भरती ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांकरिता होते व त्यांतील जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच पुढे ठेवण्याची तरतूद आहे. जी विद्या पिकावयास दहा-बारा वर्षे लागतात तिच्या शिडीची पहिली पायरीच त्यामुळे अरुंद झाली आहे. म्हणून भरती होण्यापूर्वीच गणित, पदार्थविज्ञान आणि हातचे काम यांची तयारी पक्की हवी.

आपल्या घरांतून अद्याप एक समज आढळतो, की पदवी घेऊन खुर्चीवर बसेल तो मुलगा हुशार आणि पाना-पकड हाती धरील तो मागे पडलेला. शहाड-अंबरनाथच्या कारखान्यांनी आपल्या कित्येक कुटुंबांस अन्न दिले, तरी हा समज गेला नाही. मायनाक भंडारी यांचे नाव आपण उत्सवात अभिमानाने घेतो. ते सुभेदार झाले ते दर्याच्या ज्ञानावर, याचा मात्र विसर पडतो. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शेजारी तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची नावे त्याच मानाने छापली जावीत. मायनाक भंडारी यांचे स्मरण त्यानेच खरे होईल.