मुळा, मोदक आणि दुभाषी

जपानमध्ये १९४९ साली वाटाड्यांसाठी एक कायदा झाला. त्या कायद्याने या व्यवसायाला दिलेलं नाव 'त्सूयाकु आन्नाइ' असं आहे. त्सूयाकु म्हणजे दुभाष्याचं काम आणि आन्नाइ म्हणजे वाट दाखवणं. क्रम लक्षात घ्या, आधी भाषा आणि मग वाट. परदेशी पाहुण्याला त्याच्या भाषेत, पैसे घेऊन शहर दाखवायचं असेल तर सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागे. परीक्षेत भाषेबरोबर जपानचा भूगोल आणि इतिहासही असे. जानेवारी २०१८ पासून परवान्याची सक्ती उठली, आता कुणीही हा धंदा करू शकतो. परीक्षा मात्र अजून होते आणि ती दहा भाषांत होते: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, चिनी, इटालियन, पोर्तुगीज, रशियन, कोरियन आणि थाई.

या यादीत हिंदी नाही, बांगला नाही, तमिळ नाही. मराठी असण्याचा प्रश्नच नाही.

मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते, त्यामुळे अशा याद्या मला टोचतात. मराठी माणूस जपानला जातो तो बहुधा 'केसरी' किंवा 'वीणा वर्ल्ड'सारख्या संस्थेच्या सहलीतून. आम्ही दिल्ली-नोएडा-गुडगावकडचे मराठी लोक एखादा गट जमवून जातो, एवढाच फरक. तिथे गटासमोर उभा असतो जपानी वाटाड्या. तो मनातलं जपानी इंग्रजीत आणतो, सहलीचा टूर मॅनेजर ते इंग्रजी मराठीत आणतो आणि बसच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर त्याचं आणखी काहीतरी झालेलं असतं. याला हसण्याचं कारण नाही. जपानी कादंबऱ्या आपण बहुतेक अशाच वाचल्या आहेत, इंग्रजीच्या खांद्यावरून डोकावून. आपल्या शहरांकडे, देवांकडे आणि बंडखोरांकडे पाहण्याची सोयही याच वाटेने झाली आहे का, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

मराठीतली जपानची सगळ्यात परिणामकारक सहल बसमधून झालीच नाही. ती एका पुस्तिकेतून झाली. तोक्यो इथल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. हे विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली काढलं होतं. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, ती या पुस्तिकेच्या आधाराने. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झालं. पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं.

कर्व्यांनी जपानकडून जे घेतलं त्यातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षणाचं माध्यम. तिथल्या मुली उच्च शिक्षण जपानीतून घेत होत्या, तर इथल्या मराठीतून का घेणार नाहीत? हा प्रश्न त्या काळी वेडगळ वाटणारा होता. गंमत अशी की उच्च शिक्षण स्वभाषेत देता येतं हे कर्व्यांना कळलं ते इंग्रजीतून, कारण जपानी त्यांना येत नव्हती. मधली भाषा नेहमीच चोरी करते असं नाही. कधीकधी ती स्वतःविरुद्धचा पुरावाही इमानाने पोचवते.

पण त्या पुस्तिकेत काय दिसत नव्हतं, हेही पाहायला हवं. मेइजी काळातल्या जपानी स्त्रीशिक्षणावर 'र्योसाइ केन्बो' या घोषवाक्याची सावली होती. म्हणजे चांगली पत्नी, शहाणी आई. नारुसे यांचं म्हणणं त्याहून पुढचं होतं: मुलीला माणूस म्हणून, स्त्री म्हणून आणि राष्ट्राची नागरिक म्हणून शिकवावं, याच क्रमाने. कर्व्यांच्या मांडणीत गृहिणी आणि माता ठळक होत्या, 'माणूस'चा पहिला क्रमांक तितका ठळक नव्हता. दोष पुस्तिकेचा की वाचणाऱ्याच्या काळाचा, ते ठरवणं अवघड आहे. शिवाय ज्याला आपण 'विद्यापीठ' म्हणून वाचलं ते तिथल्या कायद्याच्या लेखी १९४८ पर्यंत विद्यापीठ नव्हतंच, ते फक्त नावाने तसं होतं. आपल्या विद्यापीठाला कायदेशीर मान्यता मिळाली १९५१ मध्ये. मूळ आणि भाषांतर दोन्हीही कितीतरी वर्षं नुसत्या नावाच्या जोरावर उभी होती.

कर्व्यांनी मूळ प्रत्यक्ष पाहिलं ते मात्र फार उशिरा. १९२९ मध्ये निघून इंग्लंड, युरोप, अमेरिका करत ते तोक्योला पोचले, त्या विद्यापीठात गेले आणि एप्रिल १९३० मध्ये परतले. वय वर्षं एकाहत्तर, बहात्तरीला टेकलेलं. आधी भाषांतर करून झालं, संस्था उभी राहिली आणि मग चौदा वर्षांनी अनुवादक मूळ संहिता बघायला गेला. आमच्या धंद्यात असं कुणी केलं तर प्रकाशक दारात उभं करणार नाही.

दिल्लीत राहणाऱ्याला तोक्योकडे जाणारी दुसरी एक वाट घराजवळच सापडते. २३ डिसेंबर १९१२ रोजी चांदनी चौकात व्हाइसरॉय हार्डिंगच्या हत्तीवर बॉम्ब पडला. कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस निसटले. मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि भाई बालमुकुंद यांना मे १९१५ मध्ये दिल्लीच्या तुरुंगात फाशी झाली. त्या तुरुंगाच्या जागी आज मौलाना आझाद मेडिकल कॉलेज आहे आणि आवारात एक स्मारक आहे. दिल्लीत आता वारसा-फेऱ्यांना बरे दिवस आले आहेत, रविवारी सकाळी गल्ल्यागल्ल्यांतून इतिहास सांगणारे भेटतात. पण या आवारात रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली डबे सोडून बसलेले असतात, फेरीवाले क्वचितच.

फाशीनंतर काही दिवसांतच बोस पी. एन. टागोर या नावाने कलकत्त्याहून जहाजात बसले. जपान तेव्हा ब्रिटनचा मित्र होता. नोव्हेंबरमध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा शिन्जुकूमधल्या 'नाकामुराया' या पावाच्या दुकानाचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना दुकानामागच्या चित्रकाराच्या खोलीत लपवलं. पुढे सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं. ती १९२५ मध्ये गेली. १९२७ मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह काढलं आणि बोस यांच्या आग्रहाने भारतीय पद्धतीची करी वाढायला सुरुवात केली. ती आजही मिळते, आणि तिची ओळख 'प्रेम आणि क्रांतीची चव' अशी करून देतात.

जपानी लोक त्याआधीही करी खात होतेच. पण ती ब्रिटिशांकडून आलेली, पिठाने दाट केलेली, डब्यातल्या पुडीची करी. म्हणजे आपलं जेवण जपानला पोचलं तेही इंग्रजीतून! बोस यांना ते मानवलं नाही. मुळावरून थेट भाषांतर करण्याचा हा हट्ट मला त्यांच्या राजकारणापेक्षा जास्त समजतो.

दोन शरदांपूर्वी आम्ही बाराजण दिल्लीहून गेलो होतो आणि तीन दिवस एका इतिहासाच्या अभ्यासकाबरोबर तोक्योत पायी हिंडलो. नाकामुरायात बसून करी खाताना त्यांनी शांतपणे सांगितलं की बोस यांना पोलिसांच्या हातून सोडवणाऱ्यांत तोयामा मित्सुरु होते, जपानी साम्राज्यविस्ताराचे कडवे पुरस्कर्ते. ज्या छत्राखाली आपला क्रांतिकारक वाचला, त्याच छत्राची सावली कोरियावर आणि चीनवर कशी पडली होती, तेही सांगितलं. टेबलावर जरा वेळ चमच्यांचा आवाज तेवढा राहिला. नेहमीच्या सहलीत हे कुणी सांगत नाही आणि न सांगण्याला कारण आहे. पाहुण्याला अर्ध्या तासात जेवून बस पकडायची असते. मला मात्र वाटतं, जाणकाराला जे जास्तीचे पैसे द्यायचे ते अशा एका वाक्यासाठीच. पाट्या तर आता फोनही वाचून दाखवतो.

असाकुसातलं सेन्सोजी सगळेच बघतात. सातव्या शतकातलं मंदिर, असं सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. मुख्य सभागृह मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं आणि आज दिसतं ते काँक्रीटचं, १९५८ मधलं, हेही खरंच. क्योतोचं किन्काकुजी १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळलं आणि १९५५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. मिशिमाची कादंबरी वाचलेल्यांना ते ठाऊक असतं, सोन्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढणाऱ्यांना बहुधा नसतं. 'मूळ' या शब्दाचा तिथे अर्थ काय, यावर आमच्या गटात बरीच हुज्जत झाली. अभ्यासक ऐकत राहिले.

खरी कसोटी पुढे होती. सेन्सोजीपासून थोड्याच अंतरावर सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा शोदेन नावाचं लहान देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. हे 'म्हणजे' उच्चारलं की मराठी गटाचं काय होतं ते सांगायला नको. कुणी चपला काढल्या, कुणी 'मोरया' पुटपुटलं. उएनोच्या तळ्यातल्या बेन्तेनला आदल्या दिवशी 'आपली सरस्वती' म्हणून आम्ही आधीच ताब्यात घेतलेलं होतं.

पण कांगितेनची मूर्ती दिसत नाही, ती कायम झाकलेली असते. हा देव बहुतेकदा दोन देहांचा असतो, हत्तीच्या तोंडाच्या दोन आकृती एकमेकींना मिठीत घेऊन उभ्या. त्याला वाहतात पांढरा जपानी मुळा, दाइकोन. मुळा आणि पैशाची थैली ही दोन चिन्हं देवळात जागोजागी कोरलेली आहेत. गणपतीला मुळा! आमच्या गटातल्या एका काकूंनी "श्रावणातसुद्धा?" असं विचारलं, त्याचं इंग्रजी मी केलं नाही. मोदकाचा दूरचा नातेवाईक आहे, तो क्योतोत. कांकिदान नावाची तळलेली, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण भरलेली, वर चुण्या पडलेली पिशवी. पाहिल्यावर तळणीचा मोदक ओळखू येतो.

'आपला गणपती' हे भाषांतर बरोबर की चूक? चीनमार्गे, मंत्रयानाच्या ग्रंथांबरोबर तो देव आपल्याकडूनच गेला, म्हणून बरोबर. शतकानुशतकं तिथे राहून त्याचं झालेलं काही तुम्हाला दिसू नये, अशी सोय त्या शब्दात आहे, म्हणून चूक. अभ्यासकांनी 'गणपती' म्हणायला नकार दिला, 'कांगितेन'च म्हणत राहिले. मी दोन्ही नावं आलटून पालटून वापरली आणि काकूंनी मला एकदा टोकलंही: "अगं, एक काय ते ठरव."

देवाला वाहिलेले मुळे नंतर येणाऱ्यांना वाटतात. बाहेर ते मांडून ठेवलेले होते. अभ्यासकांनी त्यासाठीचा शब्द सांगितला, 'ओसागारी', आणि मग अडले. इंग्रजीत आधी 'उरलेलं' म्हणाले, मग मान हलवून 'वरून खाली उतरलेलं' म्हणाले, मग देवाने स्वीकारून परत दिलेली वस्तू असं तीन वाक्यांत समजावू लागले. मी वाक्य जुळवत होते तोवर काकूंनी मुळा उचलून कपाळाला लावला होता.

"एवढं काय, प्रसाद आहे," त्या म्हणाल्या. "विमानात नेऊ देतात का, तेवढं विचार त्यांना."