रेखा आणि पोथी : अँग्लो-सॅक्सन रेखाटने व पिंगुळीची चित्रकथा

'रेखा' आणि 'लेखा' ही मुळात एकाच शब्दाची दोन रूपे होत. संस्कृत 'लिख्' धातू ओरखडणे, लिहिणे व चित्र काढणे अशा तिन्ही अर्थांनी योजिला जाई, आणि चित्राला 'आलेख्य' हा शब्द होताच. जुन्या इंग्रजीतील 'व्रीतान' या क्रियापदाचा, म्हणजे आजच्या इंग्रजीतील लिहिण्याच्या क्रियापदाच्या पूर्वजाचा, अर्थही आधी कोरणे, आकृती रेखणे असाच होता. लेखन व रेखन ही एकाच हाताची कामे आहेत, ही जाण दोन्हीकडे भाषेतच साठवलेली दिसते. पुढील काळात ती ओसरली. अक्षरांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञांकडे व चित्रांचा कलासमीक्षकांकडे गेला. आणि पोथीतील रेखाचित्राला दोन्ही घरी पाहुण्याचेच स्थान उरले.

इंग्लंडमध्ये दहाव्या-अकराव्या शतकांत कँटरबरी व विंचेस्टर येथील मठांतून जी हस्तलिखिते सिद्ध झाली, त्यांत सोन्याने व गडद रंगांनी मढविलेल्या ग्रंथांबरोबरच केवळ शाईने रेखलेल्या चित्रांचेही ग्रंथ आहेत. या चित्रांत रंग भरलेला नसतो, किंवा असला तर पुसटसा असतो. कोऱ्या चर्मपत्रालाच आकाश, भूमी व प्रकाश मानून रेषा चालते. वस्त्रांच्या चुण्या वाऱ्याने फडफडत असल्यासारख्या, माना पुढे झुकलेल्या, हातांची बोटे लांबलेली. अशा चित्रांकडे अपुरे राहिलेले अथवा काटकसरीने उरकलेले काम म्हणून पाहणे सोपे होते. फ्रान्सिस वर्मल्ड यांनी १९५२ साली या दोन शतकांतील इंग्रजी रेखाटनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि रंगाचा अभाव ही उणीव नसून निवड आहे, अशा दृष्टीने त्यांचा विचार दृढ होत गेला.

यांतील एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. नवव्या शतकात फ्रान्समधील रॅंस नगराच्या परिसरात स्तोत्रसंहितेची एक सचित्र प्रत तयार झाली. आज ती नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इ. स. १००० च्या सुमारास ती कँटरबरीस होती व तेथे तिच्यावरून नवी प्रत करण्यास आरंभ झाला. हीच हार्ली स्तोत्रसंहिता होय. मूळ चित्रे एकाच तपकिरी शाईतील. कँटरबरीच्या चित्रकारांनी तपकिरीबरोबर तांबडी, हिरवी व निळी शाई वापरली, पण ती रेषेसाठीच. ही केवळ नक्कल असती, तर रेषेला रंग देण्याचे काही कारण नव्हते.

मूळ प्रतीतील चित्रकार शब्दाला अक्षरशः चिकटून राहतो. स्तोत्रकार देवाला 'जागा हो, निजतोस का?' अशा आशयाची हाक मारतो, तेथे चित्रात देव खरोखरच शय्येवर पहुडलेला दाखविला आहे व देवदूत त्याला उठवीत आहेत. युरोपीय अभ्यासकाला हे चमत्कारिक वाटते. काकड्याला विठोबास जागविणाऱ्या मराठी वाचकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही!

आता स्वतःच्या अंगणाकडे वळू. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरून कोकणात गेले की कुडाळजवळ पिंगुळी गाव लागते. तेथील ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. चित्रकार कागदावर रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंग रंगवितो. कथेकरी एकेक चित्र समोर उभे करून वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने कथा गातो. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त येतो. तेव्हा हा व्यवसाय दख्खनेत जुनाच म्हणावा लागतो.

एका कथेच्या चित्रसंचाला, म्हणजे साधारणतः ३० ते ५० चित्रांना, हे लोक 'पोथी' म्हणतात. 'पोथी' हा शब्द संस्कृत 'पुस्तिका', प्राकृत 'पोत्थिआ' यांवरून आला. म्हणजे त्याचा संबंध ग्रंथाशी. आणि पिंगुळीच्या पोथीत तर संहिता नसते! ती कथेकऱ्याच्या मुखी असते. स्तोत्रसंहितेत चित्र शब्दाच्या मागून चालते, येथे चित्र पाहून शब्द उमटतो. म्हणून 'पोथी' हा शब्द येथे लाक्षणिक नसून यथार्थ आहे, असे मला वाटते. वाचनाची क्रिया आहे, फक्त वाचावयाची ती रेषा आहे.

ही रेषा पाहावी कशी? चेहरे बहुधा एकाच बाजूने दिसणारे, डोळे मोठे, नाक टोकदार. मागे निसर्ग नाही, कोरा कागद. छायाबाहुल्यांशी या आकृतींचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले आहे, आणि ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहेच. मोगल वा राजस्थानी लघुचित्रांची नजाकत येथे शोधणारा निराश होईल. दूर बसलेल्या श्रोत्याला दिव्याच्या उजेडात कोण कोणावर धावून जातो हे कळावे, हे या रेषेचे काम. ते ती ठामपणे करते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात आचार्य रेषेची प्रशंसा करतात व सामान्य जन रंगांच्या श्रीमंतीची, असा भेद सांगितला आहे. चित्रकथीला 'लोककला' म्हणून निराळ्या दालनात ठेवणाऱ्यांनी हे वचन फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

तथापि कौतुकालाही किंमत पडते. या शैलीतील चित्रे आरंभी पैठण परिसरातून गोळा झाल्याने ती 'पैठणी चित्रे' म्हणून ओळखली गेली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. अन्य संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत मात्र सुटी पाने विखुरली गेली. इंग्रजी हस्तलिखित बांधणीमुळे एकत्र राहिले, त्यामुळे कोणत्या पानानंतर कोणते पान हे सांगता येते. चित्रकथीचे पान सुटे झाले की त्याची मागची व पुढची कथा हरवते. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गोठ्यात संग्रहालय उभारून पोथ्या व बाहुल्या एकत्र राखल्या; २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पोथीतील दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. चौकटीत जडवून भिंतीवर टांगले की त्यांतील एक कायमचे भिंतीकडे तोंड करून राहते. संग्रहालयांच्या सूचींत निदान दोन्ही बाजूंचे वर्णन यावे, आणि ज्या कथेकऱ्यांच्या मुखी संहिता अजून आहे त्यांच्याकडून प्रत्येक पानाचा प्रसंग व क्रम लिहून घ्यावा. फोंडाघाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या आपणांस त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.