आवाजाची पट्टी, तरुण वयातील
बोलताना स्वरतंतूंची सेकंदाला जितकी कंपने होतात, त्यावरून आवाजाची पट्टी (तारता) ठरते. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो आणि विशीच्या आसपास तो स्थिरावतो. साधारणपणे तरुणांचा आवाज १०० ते १३० हर्ट्झ, तर तरुणींचा २०० ते २२० हर्ट्झच्या घरात असतो. म्हणजे फरक जवळजवळ एका सप्तकाचा.

हे आकडे निवांत बोलण्याचे. चोपड्यातला महाविद्यालयीन तरुण घरी आजीशी अहिराणीत बोलतो, तोंडी परीक्षेत प्रमाण मराठीत उत्तरे देतो आणि एस.टी. स्थानकावर मित्राला लांबून हाक मारतो. हाकेसाठी फुप्फुसांतील हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात आणि पट्टी चढते. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवले. बाजाराच्या दिवशी याला वेगळा पुरावा नको. परीक्षेतील धास्तीनेही पट्टी बहुधा वर सरकते. ‘येतोस का?’ अशा प्रश्नाच्या शेवटीही ती सहसा चढते. कंटाळलेला माणूस मात्र खालच्या पट्टीत, एकसुरी बोलतो. म्हणून एखाद्याची पट्टी सांगताना तो कोणाशी, कुठे आणि किती मोठ्याने बोलत होता, याची नोंद हवी.