भांडण चॅनेल मालकांचे, भुर्दंड वस्तीला

18 फेब्रुवारी 2023 ला स्टार, झी आणि सोनी या बड्या प्रसारकांनी नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार देशातली साधारण साडेचार कोटी घरे त्यात सापडली. अंधेरी पूर्वेच्या ज्या वस्त्यांत आम्ही फिरतो, तिथे केबलवाल्याकडे उत्तर एकच होते, "वरून बंद आहे." आठवडाभरात वरच्यांचे जमले, चॅनेल परत दिसू लागले. महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्या बाईला कोणी विचारले? मुळात हे "वर" आहे तरी कोण?

नव्वदच्या दशकात जावे लागेल. 1991 मध्ये स्टार आले, 1992 मध्ये झी. गल्लीतल्या पोराने इमारतींवरून वायर टाकून धंदा उभा केला. पे चॅनेलवाले जोडणीमागे पैसे मागू लागले आणि वाद पेटला. प्रसारक म्हणायचे, केबलवाला शंभर घरे जोडून वीस दाखवतो. केबलवाला म्हणायचा, तुम्ही मनाला येईल तेव्हा दर वाढवता. दोघेही खरे बोलत होते! आणि दोघांचा हिशोब शेवटी वसूल व्हायचा तो घरोघरच्या हप्त्यातून. पण हे दोन शत्रू खरेच वेगळे होते का? झीच्याच उद्योगसमूहाने सिटी केबल काढली, स्टारने हॅथवेमध्ये भागभांडवल घेतले. चॅनेलही त्यांचे, वायरही त्यांची.

जानेवारी 2004 मध्ये केबलचा कारभार ट्रायकडे आला. ट्रायने 26 डिसेंबर 2003 चे दर गोठवले. 2006 च्या अखेरीस 'कॅस' आले. फुकट चॅनेलांचा मूळ संच 77 रुपयांत, पे चॅनेल जास्तीत जास्त 5 रुपयांना. पण मुंबईत ते लागू झाले दक्षिण भागात. अंधेरीसारखी उपनगरे बाहेरच राहिली. 31 ऑक्टोबर 2012 च्या मुदतीने मात्र सगळ्या मुंबईला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. 2019 मध्ये शंभर चॅनेलांचे 130 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, तेही एकही पे चॅनेल न घेता. पॅकेजमध्ये घालायच्या चॅनेलची किंमत 12 रुपयांवर आणायचे ठरले, प्रसारक कोर्टात गेले, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये मर्यादा पुन्हा 19 वर नेण्यात आली. फेब्रुवारी 2023 चे भांडण त्यानंतरचे. पुढे तर गंमतच आहे. हॅथवे आणि डेन 2018 च्या व्यवहारातून रिलायन्सकडे गेल्या होत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टारही रिलायन्सच्या छत्राखाली आले. आता भांडायचे कोणी कोणाशी?

मित्रांनो, दराइतकाच दुसरा पैसा महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे होत नाही. मोठा चॅनेल केबलवाल्याकडून पैसे घेतो. छोट्या चॅनेलला मात्र दिसण्यासाठी केबलवाल्यालाच पैसे मोजावे लागतात. याला कॅरेज फी म्हणतात. जुन्या वायरवर चॅनेलांची जागा मोजकी, म्हणून तिची बोली लागायची. 2017 च्या नियमांनी साध्या चॅनेलला जोडणीमागे महिना 20 पैशांची मर्यादा घातली. वीस पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. एक लाख घरांना ते 20 हजार होतात, दर महिन्याला, एका केबल कंपनीचे. नागपूरहून चालणारे लॉर्ड बुद्धा टीव्ही किंवा आवाज इंडिया यांच्यासारखे चॅनेल वर्गणीवर आणि समाजाच्या जाहिरातींवर उभे असतात. त्यांना हा आकडा काय असतो ते सांगायला नको. 1920 मध्ये 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. आज नकार कोणी देत नाही, दरपत्रक पुढे करतात.

आता कायद्याकडे बघा. ट्राय कायद्याच्या कलम 14 प्रमाणे प्रसारक आणि केबलवाल्यांची भांडणे दूरसंचार लवादापुढे चालतात. एकट्या ग्राहकाला ग्राहक मंचाचा रस्ता दाखवला आहे. पण त्याच कलमात सेवा देणारा आणि "ग्राहकांचा गट" यांच्यातला वादही लवादाने ऐकावा असे लिहिले आहे. गट! इमारतीचा, चाळीचा, बुद्धविहाराच्या मंडळाचा. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे?

आम्ही वस्तीत पावत्या मागायला सुरुवात केली तेव्हा बहुतेक घरांतून वह्या निघाल्या. त्यांत तारीख, रक्कम आणि वसुलीला येणाऱ्या पोराची सही. कोणत्या चॅनेलचे किती, हे एकाही वहीत नव्हते.